शेवंतीची काशी आणि शेवंतीची रात्र

मार्गशीर्ष-पौषात आपल्या शहरातील कोणत्याही रोपवाटिकेवरून जा, शेवंतीच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या दिसतात. पिवळी, पांढरी, जांभळी, विटकरी. मनुष्य मोहात पडतो, एक कुंडी उचलतो आणि घरी आणतो. महिनाभर गॅलरी उजळून निघते. मग फुले करपतात, पाने खालून वाळू लागतात आणि माघ संपता संपता ती कुंडी जिन्याखाली किंवा कचऱ्याच्या गाडीत जाते. पुढल्या वर्षी पुन्हा नवी कुंडी, पुन्हा नवे पैसे. आता गंमत अशी की, फेकलेल्या त्या कुंडीतील झाड मेलेले नसते. वरचा भाग तेवढा संपलेला असतो. मातीखाली त्याने पुढल्या वर्षाची तयारी केव्हाच सुरू केलेली असते.

ज्या घरी ही कुंडी फेकली जात नाही, जपली जाते, तिथे दुसरीच तक्रार ऐकू येते. झाड वाढते, हिरवेगार होते, कमरेएवढे उंच होते. परंतु दिवाळी गेली, नाताळ गेला, तरी फूल म्हणून दिसत नाही. खत घातले, औषध घातले, जागा बदलली असे सांगतात. जागा बदलली म्हणजे बहुधा दिव्याच्या आणखी जवळ नेलेली असते.

या दोन्ही तक्रारींची उत्तरे दोन शब्दांत आहेत : काशी आणि रात्र. आजचे विवेचन मुख्यतः या दोहोंपुरतेच आहे. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नाही. कामगार संघटनेचे काम करणाऱ्याला वाचनाला सवड मिळते ती आगगाडीच्या डब्यात, नाहीतर वाटाघाटींच्या बंद दाराबाहेर बाकावर बसून. तेव्हा येथे जे सांगतो ते पुस्तकांतून ताडून घेतलेले आणि कामगार वस्तीतल्या गॅलऱ्यांतून डोळ्यांनी पाहिलेले, एवढेच समजावे.

प्रथम हे फूल काय आहे ते पाहू. शेवंतीचे एक फूल घेऊन वर्तमानपत्राच्या कागदावर सावकाश सोडवावे. आपण जिला पाकळी म्हणतो तिच्या बुडाशी एक बारीकशी दुटोकी जीभ दिसेल. ती त्या पाकळीची स्वतःची स्त्रीकेसराची टोके होत. म्हणजे पाकळी ही पाकळी नसून एक स्वतंत्र, संपूर्ण फूल आहे. साध्या, एकेरी शेवंतीच्या मधोमध जी पिवळी टिकली दिसते तीही अशाच शंभरावर नळीसारख्या चिमुकल्या फुलांची बनलेली असते. शास्त्रात या सगळ्या मेळ्याला स्तबक म्हणतात. झेंडू, सूर्यफूल, डेलिया, करडई, रस्त्याच्या कडेची एकदांडी ही सारी याच कुळातली, आणि बहुतेकांची रीत हीच. बाहेरच्या फुलांनी रंग दाखवून कीटकांना बोलवायचे, आतल्यांनी पराग द्यायचा. आमच्या भाषेत बोलायचे तर ही संघटना आहे, आणि संघटनेप्रमाणेच येथेही फोटोत बाहेरच्या रांगेतले येतात. दाट, भरगच्च जातींत माणसाने निवड करकरून बाहेरच्या रांगाच इतक्या वाढवल्या आहेत की मधली टिकली दिसेनाशी झाली आहे.

शेवंतीची मूळ भूमी चीन. तिथे शतकानुशतके तिची लागवड होती. तिथून ती जपानात गेली आणि राजघराण्याच्या मुद्रेवर सोळा पाकळ्यांनी बसली. लिनियसने १७५३ मध्ये ग्रीक शब्दांवरून तिच्या गणाला क्रिसँथेमम, म्हणजे सोनेरी फूल, असे नाव दिले. १७८९ मध्ये ब्लँकार नावाच्या एका फ्रेंच व्यापाऱ्याने तिची रोपे मार्सेय बंदरात उतरवली आणि युरोपातील बागांत तिचा प्रवेश झाला. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी गणांची फेरवाटणी करून बागेतल्या शेवंतीचे नाव काढून घेतले व तिला डेंड्रँथेमा म्हणावे असे ठरवले. बागाईतदारांनी ते कधी मनावर घेतले नाही. शेवटी १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने जुने नाव तिला परत दिले. आपल्याकडे मात्र भाषेच्या सीमेवर अजून घोटाळा आहेच. हिंदी भाषक माळ्याकडे ‘सेवती’ मागाल तर तो पांढरा गुलाब दाखवील; शेवंती हवी असेल तर ‘गुलदाउदी’ म्हणावे लागते.

आता काशीकडे वळू. येथे वाराणसीशी संबंध नाही. शेवंतीच्या बुंध्याभोवती, जमिनीखालून जे नवे धुमारे फुटून वर येतात, त्यांना आपले शेतकरी काश्या म्हणतात. केळीला जसे मुनवे, तशा शेवंतीला काश्या. फुलांचा बहर संपत आला की खोडातला जोर खाली उतरतो आणि या काश्या मातीतून डोके काढतात. प्रत्येक काशीला आपापल्या मुळ्या असतात. ती आईपासून सोडवून लावली की झाले नवे झाड.

बी लावून का करू नये, असे कोणी विचारील. करता येते, पण जे हवे ते मिळत नाही. आजची शेवंती ही अनेक जातींच्या संकरातून आलेली आहे. सामान्यतः तिच्या पेशीत गुणसूत्रांचे सहा संच असतात आणि स्वतःच्या परागाने ती सहसा बी धरीत नाही. त्यामुळे प्रत्येक बी हा नवा फासा असतो. पिवळ्या शेवंतीच्या दहा बियांतून दहा प्रकारची रोपे निघतील, आणि त्यांतली बरीचशी आईहून हिणकस निघतील. नवी जात काढणाऱ्या शास्त्रज्ञाला हा जुगार परवडतो. ज्याच्याजवळ चार कुंड्यांची जागा आहे त्याला परवडत नाही. काशीचे तसे नाही. ती आईचाच तुकडा असते. रंग, आकार, फुलण्याचा हंगाम सगळे तेच. राजा, झिप्री, रेवडी, सोनाली तारा ही नावे महाराष्ट्रातल्या शेतांत आणि फुलबाजारांत पिढ्यानुपिढ्या टिकली ती काश्यांवर. एका शेतकऱ्याने दुसऱ्याला टोपलीभर काश्या दिल्या, त्याने तिसऱ्याला. एका अर्थाने एका जातीची सारी झाडे म्हणजे एकच झाड आहे. फक्त ते अनेकांच्या दारात उभे आहे.

म्हणून फुले संपलेली कुंडी फेकू नये. फुले वाळली की सारे झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावे. कुंडीतली वरची बोटभर माती उकरून काढावी, तिथे चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत भरावे, आणि कुंडी उन्हात ठेवून बेताने पाणी देत राहावे. पाण्याचा अतिरेक येथे घातक आहे; पाने नसलेले झाड पाणी ओढीत नाही आणि मुळे कुजतात. तीन-चार आठवड्यांत काश्या दिसू लागतात. त्या बोटभर वाढून त्यांना पाच-सहा पाने आली की कुंडी उलटी करून मातीचा गड्डा बाहेर काढावा आणि काश्या मुळ्यांसकट अलगद सोडवाव्यात. बुंध्याला अगदी चिकटलेल्या जाड काश्या टाळून कडेच्या, सडपातळ पण ताठ अशा निवडाव्यात. मधले जुने खोड मग खुशाल खताच्या खड्ड्यात टाकावे. त्याचे काम झाले.

लावण्याचा काळ चैत्र-वैशाख. ज्या दिवसांत आपण संध्याकाळी येथे व्याख्यानांना जमतो, तेच हे दिवस. ऊन कडक असते म्हणून लावल्यावर आठ-दहा दिवस कुंडी दुपारच्या उन्हापासून आडोशाला ठेवावी. पुढे मात्र दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन हवेच. सावलीतली शेवंती लांबुडकी आणि आळशी होते. एका मोठ्या कुंडीत एकदम काशी लावण्यापेक्षा आधी चहाच्या मोठ्या पेल्याएवढ्या कुंडीत लावावी, मुळ्या भरल्या की विटेएवढ्या रुंदीच्या कुंडीत आणि श्रावणाच्या सुमारास शेवटच्या, दहा इंची कुंडीत हलवावी. मोठ्या कुंडीत लहान रोप लावले की न वापरलेली माती ओली राहून आंबते.

मातीविषयी फार लिहीत नाही. पोयट्याची माती, जाड वाळू आणि कुजलेले खत ही सारख्या प्रमाणात मिसळावीत, आणि पाणी ओतल्यावर ते घटकाभरात खालून निघून जाते की नाही एवढे पाहावे. वाळू मिळणे आता कठीण झाले आहे. तिच्याऐवजी विटांचा चुरा किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा चालतो. शेवंती भुकेली असते, पण तिला तुंबलेले पाणी मुळीच सोसत नाही. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या बशा काढून टाकाव्यात. शेवंतीचा सर्वांत मोठा शत्रू कोणता असे कोणी मला विचारले तर मी बशी असे उत्तर देईन.

काश्या थोड्या निघाल्या आणि मागणारे शेजारी पुष्कळ असले, तर दुसरा उपाय शेंड्याच्या कलमाचा. जून-जुलैत हवेत ओलावा असतो. तेव्हा जोमदार फांदीचा, कळी न आलेला, दोन ते तीन इंचांचा शेंडा धारदार पात्याने पेऱ्याच्या लगेच खाली कापावा. खालची पाने काढून वर चार-पाच ठेवावीत आणि तो निम्मा ओल्या, स्वच्छ वाळूत खोचावा. मुळ्या फुटण्याची भुकटी बाजारात मिळते. तिच्यात इंडॉल ब्युटिरिक ॲसिड असते. लावली तर लवकर मुळ्या येतात, न लावली म्हणून शेवंती अडून बसत नाही. वरून पारदर्शक बरणी पालथी घालावी आणि रोज एकदा ती उचलून वारा द्यावा. दोन ते तीन आठवड्यांत शेंडा हलकेच ओढून पाहिला की तो हाताला धरून ठेवतो. मुळ्या आल्या असे समजावे. एका झाडाच्या दहा-बारा कलमांनी अख्ख्या मजल्याची सोय होते.

देवाणघेवाणीत एक पथ्य मात्र कडक पाळावे. काशीबरोबर आईचे गुण जसे येतात तसे रोगही येतात. शेवंतीला ‘स्टंट’ नावाचा एक खुजेपणाचा रोग आहे. विषाणूहूनही साधा असा एक घटक तो घडवून आणतो, आणि त्यावर औषध नाही. जे झाड बरोबरीच्या झाडांहून कारण नसता ठेंगू राहते, पाने फिकी आणि फुले लहान, त्याची काशी कोणालाही देऊ नये. मग मागणारा कितीही जवळचा असो. पांढरा तांबेरा हाही असाच प्रवासी. पानाच्या पाठीवर मलईच्या रंगाचे फोड दिसले तर ती पाने जाळावीत. मावा सर्रास येतो. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने किंवा साबणाच्या पाण्याने जातो, त्यासाठी जहाल विषाची बाटली घरात आणण्याचे कारण नाही. येथे एक समज दूर करायला हवा. शेवंतीपासून कीटकनाशक निघते असे ऐकून काहीजण तिची पाने डासांसाठी जाळतात. ते द्रव्य, पायरेथ्रम, निघते ते तिच्या एका पांढऱ्या फुलांच्या बहिणीपासून. ती पूर्वी याच गणात गणली जाई. आपली शेवंती जाळून नुसता धूर होतो.

रोप टीचभर झाले, म्हणजे लावल्यापासून साधारण महिन्याने, त्याचा शेंडा चिमटीने खुडावा. नवख्या माणसाला हे जिवावर येते. पण शेंडा जोवर शाबूत आहे तोवर त्यातून उतरणारे ऑक्सिन नावाचे द्रव्य बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की चार-पाच डोळे एकदम फुटतात. (हा प्रकार मी पुढाऱ्यांच्या बाबतीतही पाहिला आहे, पण तो विषय वेगळा.) तीन-चार आठवड्यांनी नव्या फांद्यांचेही शेंडे खुडावेत. ऑगस्ट संपल्यावर मात्र खुडणे बंद करावे, कारण त्यानंतर शेंड्यात पानांऐवजी कळ्या तयार होऊ लागतात. ज्यांना प्रदर्शनात ठेवतात तशी नारळाएवढी फुले हवी असतात ते याच्या उलट करतात : एक किंवा तीन फांद्या राखायच्या, प्रत्येकीवर मधली एकच कळी ठेवायची आणि बाकीच्या बाजरीएवढ्या असतानाच खुडून टाकायच्या. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनात माणसे थांबून राहतात ती अशाच एकेकट्या फुलांपुढे. मला स्वतःला फांदीभर लहान फुलांची शेवंतीच अधिक आवडते.

एवढे सारे यथासांग केले, तरी फूल येणे न येणे शेवटी अवलंबून असते ते रात्रीवर. यामागची हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

अमेरिकेच्या शेतकी खात्यातील गार्नर आणि ॲलार्ड या दोन संशोधकांपुढे तंबाखूची एक जात होती. उन्हाळ्यात शेतात ती माणसाहून उंच वाढे, पण फुलत नसे. तीच हिवाळ्यात काचघरात लावली तर लहान असतानाच फुले. उष्णता, ओलावा, खत सर्व तपासून झाले. मग त्यांनी भर उन्हाळ्यात काही रोपे दुपारपासूनच एका अंधाऱ्या छपरीत न्यायला सुरुवात केली, आणि ती रोपे फुलली. १९२० मध्ये त्यांनी जाहीर केले की, वनस्पती दिवसाच्या लांबीवरून हंगाम ओळखतात. काही झाडे दिवस लहान झाला की फुलतात, काही मोठा झाला की, आणि काहींना त्याचे सोयरसुतक नसते. शेवंती पहिल्या वर्गातली.

त्यानंतर मौज झाली. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका काटेरी फळांच्या तणावर प्रयोग केले. दिवसाच्या मध्ये काही वेळ अंधार केला तर झाडाला फरक पडेना. पण रात्रीच्या मध्ये थोडाच वेळ दिवा लावला तर फुलणे थांबले. म्हणजे झाड दिवस मोजीत नव्हतेच. ते रात्र मोजीत होते, आणि तीही अखंड. बारा-तेरा तासांची रात्र मध्येच तोडली तर त्याच्या लेखी त्या दोन छोट्या रात्री झाल्या. रात्रीचा प्रकाश झाडाला कळतो कसा, तर पानांत फायटोक्रोम नावाचे एक रंगद्रव्य असते. तांबडा प्रकाश पडला की ते एक रूप घेते, आणि अंधारात हळूहळू त्यातून परत येते. तांबड्या प्रकाशाचा हा प्रभाव १९५२ मध्ये अमेरिकेतील बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत उलगडला.

आणि मोजणारे कोण? येथे आपली शेवंती स्वतःच साक्षीला उभी राहते. सोव्हिएत संशोधक चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकात शेवंतीच्याच झाडांवर प्रयोग केले. शेंड्याकडची पाने काढून टाकली. खालच्या पानांना लांब रात्र दिली आणि वरच्या उघड्या शेंड्याला आखूड रात्र. शेंड्यावर फुले आली. उलट करून पाहिले, शेंड्याला लांब रात्र आणि पानांना आखूड. फुले आली नाहीत. रात्र मोजतात ती पाने, आणि ती शेंड्याला निरोप धाडतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या निरोप्याला त्यांनी फ्लोरिजेन असे नाव दिले. हा निरोप्या अनेक दशके कोणाच्या हाती लागला नाही. २००७ मध्ये मोहरीच्या कुळातील एका लहानशा रोपात आणि भातात तो सापडला. ते एक प्रथिन निघाले, पानात तयार होऊन रसवाहिन्यांतून शेंड्याकडे जाणारे.

हे सारे वाचताना माझ्या मनात वारंवार येई ते गिरण्यांचे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोपर्यंत गिरणी उजाडता सुरू होई आणि मावळता थांबे. दिवे आल्यावर मालकाला सूर्याची गरज उरली नाही आणि कामाचा दिवस बेसुमार लांबला. १९०५ मध्ये कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२ मध्ये आठवडा साठ तासांचा झाला, आणि आठवड्याला ४८ तासांवर यायला १९४६ साल उजाडले. दिव्याखाली ठेवलेल्या शेवंतीचे हेच होते. तिची पाने वाढत राहतात, खोड लांबत राहते, काम चालू असते. फूल तेवढे येत नाही.

आपल्या पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर जूनमधला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांहून थोडा जास्त असतो आणि डिसेंबरातला सर्वांत लहान अकरा तासांच्या आसपास. फरक जेमतेम दोन तासांचा. पण शेवंतीला तेवढा पुरतो. कोणत्या जातीला किती लांब रात्र हवी हे ठरलेले असते. दसऱ्याच्या बाजारात येते ती लवकर भागणारी, पौषात फुलते ती अधिक मागणारी. थंड देशांत तयार झालेल्या काही जातींना तर आपला जूनदेखील लहान दिवसांचा वाटतो, आणि त्या रोप अंगाने भरण्याआधीच कळ्या धरतात. म्हणून बारमाही शेवंती पिकवणारे शेतकरी हरितगृहात रोपे लहान असताना मध्यरात्री काही तास मुद्दाम दिवे लावतात, आणि रोपे पुरेशी वाढली की दिवे बंद करून त्यांवर काळे कापड ओढतात. बागायतदार पैसे खर्चून जे करतो, ते आपण गॅलरीत नकळत करीत असतो; फक्त दिवा बंद करण्याचे तेवढे राहून जाते.

किती प्रकाश पुरे? पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास असते. त्याने शेवंती बिचकत नाही. हरितगृहात फुलणे रोखण्यासाठी शंभर लक्सच्या आसपास प्रकाश देतात. गॅलरीच्या छताला लावलेला दिवा हातभर अंतरावरच्या कुंडीवर याहून अधिक प्रकाश सहज टाकतो. रस्त्यावरचा दूरचा दिवा थोडा कमी अपाय करतो, परंतु काही जातींचा बहर तेवढ्यानेही लांबतो. नव्या पांढऱ्या दिव्यांत तांबडा भाग नसतो ही समजूत चुकीची आहे. असतो, आणि पुरेसा असतो.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी अगदी स्वस्त प्रयोग करून पाहावा. एकाच झाडाच्या दोन काश्या वैशाखात दोन सारख्या कुंड्यांत लावाव्यात. सारखी माती, सारखे पाणी, सारखे खुडणे. सप्टेंबर लागला की एक गॅलरीतल्या दिव्याखाली ठेवावी आणि दुसरी गच्चीवर, पाण्याच्या टाकीआड, जिथे रात्री अंधार असतो तिथे. काश्या एकाच झाडाच्या असल्यामुळे जातीचा फरक म्हणून वाद घालायला जागा उरत नाही. नोव्हेंबरात दोन्ही शेजारी आणून ठेवाव्यात.

ज्यांच्याकडे गच्ची नाही त्यांनी काय करावे? इमारतीच्या सभेत शेवंतीसाठी दिवे मालवण्याचा ठराव कोणी मांडू नये. जिन्यावर अंधार असेल तर एखादी म्हातारी पडेल, आणि रात्रपाळीहून येणाऱ्या बाईला उजेड हवा असतो; तो उजेड झाडापेक्षा मोठा. कुंडी हलवावी. ती हलवता येत नसेल तर झाकावी. सप्टेंबरच्या मध्यापासून संध्याकाळी सहाला कुंडीभोवती चार काठ्या रोवून त्यांवर जाड काळे दुहेरी कापड घालावे आणि सकाळी सातला काढावे. कापड झाडाला टेकू देऊ नये. खालून वारा जायला चार बोटे जागा ठेवावी. हे रोज करायचे, रविवारीसुद्धा. कळ्यांना रंग दिसेपर्यंत, म्हणजे पाच-सहा आठवडे, हा नेम चालवावा लागतो. मध्ये चार दिवस खंड पडला तर बहर तेवढा मागे जातो, किंवा कळ्या अर्धवट राहून त्यांच्या टोकाला पुन्हा पानेच फुटतात. कळीने एकदा रंग दाखवला की कुंडी खुशाल दिवाणखान्यात दिव्याखाली आणावी. आता प्रकाशाचे भय नाही.

दुकानातून आणलेल्या कुंडीविषयी दोन शब्द राहिले. ती पुढल्या वर्षी दुप्पट उंच होते आणि तितकी भरगच्च दिसत नाही, तेव्हा लोकांना वाटते की जात बिघडली. जात तीच असते. विक्रीच्या एका कुंडीत पुष्कळदा चार-पाच कलमे दाटीने लावलेली असतात आणि झाड बुटके राहावे म्हणून वाढ रोखणारे औषध फवारलेले असते. औषधाचा अंमल संपला की झाड आपल्या मूळ उंचीवर येते. घरी तसेच भरगच्च झाड हवे असेल तर आपणही एका कुंडीत तीन काश्या लावाव्यात आणि एकदा जास्त खुडावे.

क्वचित असे होते की, पिवळ्या शेवंतीच्या एकाच फांदीवर विटकरी फूल येते. ही भुताटकी नव्हे. शेंड्यातल्या पेशींत आपोआप बदल घडून फांदी वेगळी निपजते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत गॅमा किरण सोडून असे बदल मुद्दाम घडवले गेले आणि त्यांतून शेवंतीच्या कितीतरी नव्या जाती निघाल्या. आपल्या गॅलरीत तो फुकट घडला तर त्या फांदीवर लगेच दोरा बांधावा. अशी फांदी बुंध्यातून येणाऱ्या काश्यांत उतरेलच असे नाही, कारण काश्या जुन्या झाडाच्या बुडातून येतात. म्हणून फुले उतरल्यावर त्या फांदीच्याच बगलेत फुटणाऱ्या कोवळ्या धुमाऱ्याचे कलम घ्यावे. आणि सर्व कुंड्यांवर, फुले अंगावर असतानाच, रंगाचे नाव पक्क्या शाईने लिहून ठेवावे. जूनमध्ये पांढरीची काशी आणि पिवळीची काशी शेजारी ठेवली तर घरातल्या कोणालाही ओळखता येत नाही.